पेटीचा हिशेब
मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या मदतीसाठी वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम ठरला, की आपली गायन पार्टी बिदागी न घेता उभी राहते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी गाणे समाजकार्याला जुंपले, त्याच वाटेने ही मंडळी चालतात. पण ढोलकीवाल्याचा खाडा पडतो, हे कोण पाहतो? मंडपवाला काही फुकट येत नाही! ढोलकीवाल्याचे गाडीभाडे आणि जेवण तरी आधी बाजूला काढा, असे आम्ही म्हणतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहाला कर्णे बंद होतात. साडेनऊपर्यंत हारतुरे अन् भाषणेच चालली, तर गायक गाणार कधी आणि मदतीची पेटी फिरणार कधी? जमा किती, खर्च किती, हे मंडळाने त्याच रात्री, माणसे उठायच्या आत, माईकवरून वाचून दाखवावे.