कानापलीकडचे सूर

आमच्या मेहुण्यांना नादाचाच नाद. गेल्या दिवाळीत त्यांनी माझ्या दोन्ही लाऊडस्पीकरांच्या डोक्यावर एकेक चिमुकला सुपर ट्वीटर बसवला. वाटेत कपॅसिटर घातला. तो खालचे सूर अडवतो, अतिउंच तेवढे पुढे सोडतो. मग केसरबाईंची ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लावून म्हणाले, "काय भाऊजी, कळला ना फरक?"

मी मान डोलावली. खोटी!

माणसाचा कान सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि तेही तरुणपणी. वयाबरोबर आधी गळतात ते वरचेच सूर. शिवाय त्या काळचे ध्वनिमुद्रण एवढे उंच पोहोचतच नव्हते. म्हणजे यंत्राकडे देण्याजोगे काही नव्हते, अन् माझ्याकडे घेण्याजोगे!

दुसऱ्या दिवशी कन्येने १६,००० कंपनांचा नुसता सूर लावला आणि कानांवर हात ठेवले. मी शांतपणे चकली खात होतो.

"बाबा, खरंच ऐकू येत नाही?"

चकली घशात अडकली. पन्नाशी अजून दूर, आणि एक दार गुपचूप मिटलेसुद्धा!

रात्री एकट्यानेच पुन्हा तबकडी लावली. केसरबाई होत्या तिथेच होत्या, माझ्या कानाला पुरतील एवढ्या पट्टीत. जीव भांड्यात पडला.

मेहुण्यांना मात्र काही बोललो नाही. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत.