ड्रॅगनचा खवला आणि हत्तीची वाट

आमच्या परिचयाच्या एका घरी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मोठा वाद झाला. घरातला नववीतील मुलगा ताट वाढलेले असताना व्हिडिओ गेमपुढून उठेना. आईने तीनदा हाक मारली, तेव्हा आतून उत्तर आले, "आता फारोश येईल. तो गेला की पुन्हा उद्याच!" वडिलांचा संयम सुटला आणि ते यंत्र कपाटात कुलूपबंद झाले. आम्ही त्या वेळी तेथे पाहुणे होतो. उभय पक्षांनी आम्हांस पंच नेमले. प्रकरण न पाहता निवाडा देणे बरे नव्हे, म्हणून आम्ही कुलूप काढवून घेतले आणि चार संध्याकाळी त्या मुलाशेजारी बसलो. त्यातून आमचे जे मत झाले, ते आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा खेळ म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीने मार्च २०१७ मध्ये काढलेला 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. मे २०२३ मध्ये त्याचा पुढील भाग आला. त्यात एक विस्तीर्ण मुलूख आहे. डोंगर, दऱ्या, तळी, बर्फ, वाळवंट, सारे काही. खेळणाऱ्याने कोठे जावे, याची सक्ती नाही. या मुलखावरून तीन प्रचंड ड्रॅगन संथपणे फिरत असतात. डिनराल अग्नीचा, नेड्रा हिमाचा आणि फारोश विजेचा. प्रत्येकाच्या वाटा ठरलेल्या, वेळा ठरलेल्या. तेथला दिवस आपल्या चोवीस मिनिटांचा असतो. म्हणजे आमच्या बालमित्राचा 'उद्या' अर्ध्या तासाच्या आतच उगवणार होता, आणि तेवढ्यात त्याचे जेवण आटोपले असते. हे आम्ही पंच या नात्याने त्याच्या निदर्शनास आणले. त्यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

परंतु पुढे आम्ही जे पाहिले, त्याने आम्हांस विचारात पाडले. हे ड्रॅगन मारता येत नाहीत. खेळणाऱ्याने उंच कड्यावर जाऊन वाट पाहायची, ड्रॅगन जवळ आला म्हणजे त्याच्याभोवती उसळणाऱ्या वाऱ्यावर आपले छत्र तरंगवायचे आणि एक बाण सोडायचा. बाण अंगावर लागला तर खवला पडतो, पंजावर लागला तर नख, शिंगावर लागला तर शिंगाचा तुकडा. एका फेरीत एकच वस्तू मिळते. ती चकाकत दरीत कोसळते आणि तिच्यामागे धावावे लागते. ड्रॅगन मात्र मान वळवूनही पाहत नाही. आपल्या वाटेने निघून जातो. त्या खवल्याने बंद देवस्थानाचे दार उघडते, शिंगाच्या तुकड्याने औषधी अन्नाचा गुण दीर्घकाळ टिकतो, चिलखत बळकट होते. पुढील भागात तर ड्रॅगनच्या पाठीवर उतरून काटे काढून घेता येतात आणि काही वेळाने ते पुन्हा उगवतात.

त्या मुलाने एक वही केली होती. कोणता ड्रॅगन कोठून निघतो, किती वाजता कोणत्या पुलावरून जातो, कोणत्या कड्यावर विस्तव पेटवून बसले असता तो नेमका दिसतो, हे सर्व त्याने नकाशे काढून टिपले होते. भूगोलाच्या वहीत त्याची एवढी टापटीप आम्ही कधी पाहिली नव्हती. निरीक्षण, प्रतीक्षा आणि नोंद हे तीन गुण जो खेळ शिकवतो, तो सर्वस्वी त्याज्य आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. ज्या वडीलधाऱ्यांना तसे वाटते, त्यांनी चार संध्याकाळी शेजारी बसून पाहावे.

आमचा आक्षेप निराळा आहे. बाण लागूनही ज्याला दुखत नाही, खवला काढूनही ज्याचे काही उणे होत नाही, असा प्राणी जगात नाही. आणि खवल्यांचा प्राणी तर आमच्या पेडणे-डिचोलीच्या शेजारच्या रानांतून आजही राहतो. तो म्हणजे खवले मांजर. नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचे नाते नाही. त्याला दात नसतात. लांब चिकट जिभेने तो मुंग्या व वाळवी खातो. त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. संकट आले की तो अंगाचा चेंडू करून पडून राहतो. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणसापुढे चालत नाही. माणूस तो चेंडू उचलून पोत्यात घालतो. त्याच्या खवल्यांत औषधी गुण आहेत, या भ्रमापायी तो मारला जातो. त्याचा खवला बाण लागून दरीत पडत नाही. त्यासाठी जीवच घ्यावा लागतो, आणि मादी बहुधा एका वेळी एकच पिलू देते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या आठही जातींचा जागतिक व्यापार बंद करण्याचा ठराव झाला. तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही. चिपळूण तालुक्यातील एका गावाने २०२० साली खवले मांजराची प्रतिमा पालखीत बसवून मिरवली, ही वार्ता वाचून आम्हांस धन्य वाटले. ज्याला कालपर्यंत पोत्यात घालीत, त्याला पालखी!

आता दुसरी गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये 'ओंकार' या नावाने ओळखला जाणारा एक तरुण सुळेवाला हत्ती सिंधुदुर्गातून आमच्या पेडणे तालुक्यात उतरला. मोपा, तांबोसे या बाजूच्या शेतांतून व बागायतींतून तो हिंडला. हत्ती आम्हांस अगदीच अपरिचित नाहीत. २००२च्या सुमारास कर्नाटकच्या रानांतून ते दोडामार्ग भागात आले आणि तेव्हापासून सीमेच्या या बाजूलाही अधूनमधून येत राहिले. हत्तीला आमची सीमा ठाऊक नाही. तेरेखोलचे पाणी आणि बागायतीतील केळी त्याला ठाऊक आहेत.

येथे आम्हांस त्या मुलाची वही आठवली. ड्रॅगनप्रमाणेच हत्तीलाही वाट असते, वेळ असते. दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा आणि शंभराहून अधिक लिटर पाणी ज्याला लागते, तो उगाच कोठेही जात नाही. जाणकार माणूस पावलाचा ठसा पाहून हत्तीची उंची सांगतो. पुढच्या पावलाच्या घेराची दुप्पट म्हणजे खांद्यापर्यंतची उंची, हा ठोकताळा जगभर वापरतात. लीद पाहून तो कधी गेला, काय खाऊन गेला, हे कळते. त्या लिदीतून रानातील झाडांचे बी दूरदूर पोहोचते. खेळातील ड्रॅगनने टाकलेल्या खवल्यापेक्षा ही देणगी आम्हांस थोर वाटते, आणि तिच्यासाठी बाण सोडावा लागत नाही. हत्तीपासून बाणाने मिळणारी वस्तू एकच, सुळा. त्यापायी किती हत्ती मेले, म्हणून १९८९ साली जगाला हस्तिदंताचा व्यापार बंद ठरवावा लागला, हे आपण जाणतोच.

मात्र एका बाबतीत आम्हांस शेतकऱ्याची बाजू घेतलीच पाहिजे. ड्रॅगन कोणाची केळीची बाग मोडीत नाही, हत्ती मोडतो. वर्षभर राबून उभे केलेले भात एका रात्रीत आडवे झालेले ज्याने पाहिले, त्याला शहरातून आलेल्या पाहुण्याने प्राणिप्रेमाचे धडे देऊ नयेत. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणे हा त्याचा हक्क आहे. तो मिळाला तरच त्याच्या हातातील फटाका खाली राहील. रान तुटत गेले आणि हत्ती खाली उतरला, यात त्या शेतकऱ्याचा अपराध तो काय?

आणि जे हत्ती आला म्हणजे मोबाईल घेऊन त्याच्यामागे धावतात, त्यांना मात्र आम्ही दोष देतो. खेळातील ड्रॅगनची वाट हजार जणांनी एकमेकांस सांगितली तरी ड्रॅगनचे काही बिघडत नाही. हत्तीचा ठावठिकाणा गावभर पसरला की तासाभरात गर्दी जमते, आरडाओरडा होतो, बिथरलेला प्राणी धावतो, आणि मग माणूस किंवा हत्ती कोणीतरी जायबंदी होतो. खवले मांजराच्या बिळाचा पत्ता फुटला तर त्याचे काय होते, ते वर सांगितलेच आहे. हत्ती दिसला तर वन खात्यास कळवावे आणि मागे फिरावे. त्यात भ्याडपणा नाही.

म्हणून विद्यार्थीमित्रांना आमची सूचना अशी आहे. ड्रॅगनसाठी जशी वही केली, तशी शाळेने आपल्या परिसराची एक वही करावी. काजूच्या डोंगरीत मोराची गळलेली पिसे कोणत्या महिन्यात सापडतात, सापाची कात बांधाच्या कोणत्या कपारीत दिसली, वाळवीचे वारूळ कोणी उकरले, कुळागरात पोफळीवरून पोफळीवर तरंगत जाणारा सरडा कोणत्या वेळी दिसतो, हे टिपावे. (त्या सरड्याच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द 'ड्राको' आहे, म्हणजे लॅटिनमधला ड्रॅगनच! पडदा बंद करून सत्तरी-डिचोलीच्या कुळागरात जाणाऱ्यास हा ड्रॅगन फुकट दिसतो.) जे आपोआप गळून पडले, तेवढेच पाहावे. जिवंत प्राण्याचे बीळ किंवा घरटे यांचा पत्ता वहीत लिहू नये. महिना आणि नोंद पुरे.

आमचा निवाडा दोन्ही पक्षांना मान्य झाला. रोज जेवणानंतर एक तास, म्हणजे त्या मुलखातले अडीच दिवस, खेळावयास मिळावे. आईने हाक मारली की फारोश असो वा डिनराल, उठावे. परवा त्या घरी गेलो, तेव्हा मुलाने वही दाखविली. ड्रॅगनच्या नकाशांमागच्या पानावर त्याने पेडणे तालुका काढला होता. वर्तमानपत्रातील बातम्या जुळवून ओंकारची वाट ठिपक्यांनी रेखली होती, मोप्यावरून तांबोश्याकडे, मग नदीकडे. नदीपलीकडील भाग कोरा होता. तेथे काय करणार, असे आम्ही विचारले. "बातमी आली म्हणजे भरीन," तो म्हणाला, "पण हे पान वर्गात दाखवणार नाही."