पूर्ववृत्तातील एक अत्यावश्यक प्रश्न

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अध्यर्बुद' व 'द्विरर्बुद' या संज्ञा आल्या आहेत. एका अर्बुदानंतर दुसरे उद्भवू शकते, हे आचार्यांच्या दृष्टीतून सुटले नव्हते. आज आपल्यापुढील प्रश्न मात्र थोडा निराळा आहे. कर्करोगातून बऱ्या झालेल्या रुग्णास, पूर्वी घेतलेल्या उपचारांमुळेच, काही वर्षांनी सर्वस्वी नवा कर्करोग होऊ शकतो. हा जुन्या व्याधीचा पुनरुद्भव नव्हे, प्रसारही नव्हे.

हॉजकिन लिम्फोमासाठी कोवळ्या वयात छातीवर किरणोपचार झालेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. किरणोपचारजन्य गाठी बहुधा 10 वर्षांनंतर दिसतात. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनंतरचा रक्ताचा कर्करोग सामान्यतः 5 ते 10 वर्षांत, तर इटोपोसाइडनंतरचा 1 ते 3 वर्षांतही उद्भवतो.

एवढ्यावरून 'केमोथेरपीनेच कॅन्सर होतो' असे सांगून रुग्णास उपचारांपासून परावृत्त करणे, ही त्याची प्रतारणा होय. असा दुसरा कर्करोग थोड्यांनाच होतो. पहिल्यावर उपचार न झाल्यास मात्र पुढील धोक्याची चिंता करण्यास रुग्णच उरत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी 1991 पासून उपचारोत्तर तपासणीचा स्वतंत्र विभाग आहे. परंतु अक्कलकुवा-मोलगी परिसरातील पाड्यावरून वर्षानुवर्षे मुंबई गाठणे किती जणांना शक्य आहे? म्हणून येथील पहिली जबाबदारी वैद्यांचीच ठरते.

प्रश्नपरीक्षेत 'पूर्वी गाठीवर, रक्ताच्या आजारावर उपचार झाले का? शेक दिला होता का?' हे प्रत्येकास विचारावे. औषधांची नावे, मात्रा व किरणोपचाराचे स्थान दर्शविणाऱ्या कागदांची प्रत जपावी. अशा रुग्णात नवी गाठ, अकारण रक्तस्राव, पांडुता वा कृशता आढळल्यास रसायनचिकित्सेत महिने न दवडता त्यास तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावे. तंबाखू सोडविण्याचा आग्रह धरावा, कारण तिने हा धोका आणखी वाढतो.

औषधविक्रेत्यांनीही एकाच तक्रारीसाठी वारंवार औषध नेणाऱ्यास वैद्याकडे धाडावे. ईश्वरीमूळ तर कोणासही देऊ नये; त्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल कर्करोगजनक व वृक्कघातक असल्याचे सिद्ध झाले आहे.

रुग्ण बरा झाला म्हणजे वैद्याचे कर्तव्य संपत नाही. पूर्ववृत्ताचा तो एक प्रश्न विचारण्यास क्षणभरच लागतो. तो न विचारल्यास गेलेला काळ मात्र परत मिळत नाही.