चिप एकच, खोकी अनेक

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलं, तर ‘आरटीएक्स ४०६० द्या’ एवढ्यावर भागत नाही. ‘कोणतं? असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक?’ असा उलटा प्रश्न येतो. एक नाव घ्यावं तर त्यातही ‘ड्युअल’, ‘स्ट्रिक्स’ अशा पोटजाती निघतात आणि किमतीत चांगलाच फरक.

या सगळ्या खोक्यांतली चिप मात्र एकच. आराखडा एनव्हिडियाचा, घडण तैवानच्या टीएसएमसीची. जून २०२३ मध्ये हे कार्ड आलं तेव्हा एनव्हिडियाने स्वतःची ‘फाउंडर्स एडिशन’ काढलीच नाही. सगळं भागीदार कंपन्यांवर सोपवलं. बोर्ड, हीटसिंक, पंखे आणि वॉरंटी, एवढंच त्यांच्या हातात. त्यातही वेगळी दिसणारी नावं कधी एकाच घरची निघतात. झोटॅक आणि इनो३डी दोन्ही पीसी पार्टनर या कंपनीच्याच.

मग जादा पैसे कशाचे? बहुतांशी थंडाव्याचे आणि दिव्यांच्या झगमगाटाचे. ४०६० ला लागते जेमतेम ११५ वॉट वीज. अशा चिपला गार ठेवायला दोन पंखे पुरून उरतात. तरीही असुसने याच चिपवर तीन पंख्यांचं, ३१ सेंटिमीटर लांबीचं स्ट्रिक्स काढलं. त्याच कंपनीचं ड्युअल पावणेतेवीस सेंटिमीटरांत मावतं. खोक्यावर ‘ओसी’ लिहिलं असेल तर चिपचा वेग कारखान्यातच थोडा वाढवलेला असतो. एनव्हिडियाने ठरवलेला बूस्ट वेग २४६० मेगाहर्ट्‌झ. त्यात शंभरेक वाढले, तरी खेळताना सेकंदाला एखाद-दुसरी फ्रेम जास्त मिळते, बस. तेवढा वेग तर एमएसआयच्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने घरबसल्या फुकटात वाढवता येतो. स्ट्रिक्सला भुललेल्याने आधी ४०६० टीआयचा भाव विचारावा. तिथे निदान चिप तरी मोठी मिळते.

थोराड कार्डांची गोष्ट निराळी. ३०८० ला ३२० वॉट लागतात, तिथे कूलर आणि बोर्डाची बांधणी खरंच कामाला येते. सप्टेंबर २०२० मध्ये नवी कोरी ३०८० कार्डं खेळ ऐन रंगात असताना क्रॅश होऊ लागली. संशय गेला चिपच्या मागच्या बाजूच्या कपॅसिटरांवर. पोसकॅप जातीच्या सहा कपॅसिटरांची रचना चाचणीत टिकली नाही, म्हणून चार पोसकॅप आणि एमएलसीसी जातीचे २० कपॅसिटर वापरले, असं ईव्हीजीए या कार्ड बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं. पुढे एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हरने बहुतेकांची तक्रार मिटवली, म्हणजे सगळा दोष त्या इवल्याशा भागांचाही नव्हता. विक्रीनंतरच्या सेवेसाठी नावाजलेली हीच ईव्हीजीए सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातून बाहेर पडली.

आपल्याकडे चर्चा पंख्यांची होते, वॉरंटीची होत नाही. सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे की कार्ड कुरियरने पाठवायचं? वॉरंटी बिलावर की सिरियल नंबरवर? नात्यातल्या कुणी अमेरिकेहून आणलेल्या कार्डाला ती इथे मिळते का? नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, कार्ड रुसलं की हेच प्रश्न आठवतात.

एक सापळा मात्र कंपनीच्या नावापलीकडचा आहे. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने कितीतरी मंद डीडीआर४ आवृत्ती विकली गेली. खोक्यावरचं बारीक अक्षर तिथे वाचायलाच हवं.

तेव्हा दोनशे वॉटच्या आतलं कार्ड घेणार असाल, तर दोन पंख्यांचं, जवळ सर्व्हिस सेंटर असलेलं, त्यातलं सर्वांत स्वस्त उचला. दुकान सोडण्यापूर्वी पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.