तुकारामांचा अभ्यासक बिशप

पुणे धर्मप्रांताचे बिशप डॉ. थॉमस डाबरे हे २५ मार्च २०२३ रोजी आपल्या पदभारातून मुक्त झाले. निरोपाचे हार व भाषणे ही त्या त्या दिवसापुरती असतात, आणि त्या दिवशीच्या बातमीत खरा सेवक व नुसता अधिकारी यांत फारसा भेद उरत नाही. म्हणून हार सुकल्यावर आणि पदाचे वलय मागे पडल्यावर या गृहस्थांच्या कार्याचा विचार करणे आम्हांस अधिक उचित वाटते. १९९० साली ते मुंबईचे सहायक बिशप झाले; १९९८ साली वसईचा धर्मप्रांत नव्याने स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले बिशप होण्याचा मान त्यांस मिळाला; २००९ साली ते पुण्यास आले. तेहेतीस वर्षांची ही धर्मसेवा कोणत्याही समाजाने कृतज्ञतेने स्मरावी अशीच आहे. परंतु ख्रिस्तेतर मराठी वाचकाने त्यांचे ऋण मानावे याचे कारण या पदांच्या यादीत सापडावयाचे नाही.

ते कारण देहूस सापडेल. वसईजवळच्या भुईगावात १९४५ साली जन्मलेल्या या धर्मगुरूने मुंबई विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो तुकारामांच्या ईश्वरानुभवाचा. तो प्रबंध १९८७ साली पुण्यात इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तुकाराम देवाला मायबाप म्हणतात, पंढरीला माहेर म्हणतात, आणि प्रसंगी त्याच देवाशी कडाक्याचे भांडण मांडतात. या साऱ्या प्रतीकांच्या मागे उभा असलेला अनुभव कोणत्या जातीचा आहे, हे समजून घेण्याचा तो प्रयत्न होता. विषय वरवर चाळण्याजोगा नव्हे. गाथेचे साडेचार हजारांच्या घरातील अभंग ज्याने शब्दाशब्दाने वाचले आहेत असे पदवीधर आपल्या परिचयात किती आहेत, याचा वाचकांनी मनाशी एकदा हिशेब करून पाहावा. आम्ही तो केला, आणि उत्तर छापण्याजोगे नाही.

कोणी म्हणेल, यात नवल ते काय? ख्रिस्ती विद्वानांनी मराठी संतांकडे पाहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात रायतूरला आपले ख्रिस्तपुराण छापविले ते सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने आपल्या संतकवींची एक मालाच्या मालाच इंग्रजीत उतरविली. पुण्यात राहिलेले फ्रेंच जेझुइट फादर देल्यूरी यांनी विठ्ठलभक्तीवर १९६० साली ग्रंथ लिहिला. हे सारे आदरणीय आहेत. पण हे सारे दूरदेशीचे पाहुणे होते, आणि पाहुण्याने आपल्या घराची स्तुती केली की यजमानास होणारा संतोष हा फारसा कसोटीचा नसतो. डॉ. डाबरे पाहुणे नव्हेत. त्यांची माती येथलीच आहे. तुकारामांविषयीचे त्यांचे कुतूहल हे परदेशी अभ्यासकाचे कुतूहल नसून आपल्याच वाडवडिलांच्या माजघरातील पेटी उघडून पाहणाऱ्याचे आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण येथे होणे साहजिक आहे. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते सांगत. डॉ. डाबरे यांचा प्रवास उलट दिशेचा आहे. ख्रिस्ताच्या ओसरीवर जन्मास येऊन, ती ओसरी न सोडता, त्यांनी तुकारामांच्या दारात जाऊन बसण्याचा अधिकार मिळविला. यात कोठेही भेसळ नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. सर्व धर्म अखेर एकच, असे म्हणून मोकळे होणे हा आपल्याकडील सुशिक्षितांचा आवडता परिपाठ आहे. त्यामुळे कोणताच धर्म वाचण्याचा त्रास उरत नाही. बिशप आपल्या श्रद्धेत ठाम राहिले आणि म्हणूनच दुसऱ्याची श्रद्धा गंभीरपणे वाचू शकले. धर्मांतराच्या प्रश्नावर चर्चची भूमिका आणि आमचे मत यांत अंतर आहे व ते राहीलही. पण ज्याने आपला संत एवढ्या आस्थेने वाचला त्याच्याशी मतभेदही बरोबरीच्या नात्याने बोलता येतात.

येथे वसईविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. १५३४ पासून सुमारे दोनशे वर्षे तो मुलूख पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता, आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर तेथील ख्रिस्ती लोकांचे काय झाले, हे मात्र शाळेने शिकविले नाही. ते कोठेही गेले नाहीत. आपली शेती, केळीच्या बागा, सामवेदीसारखी आपली बोली आणि आपली श्रद्धा घेऊन ते तेथेच राहिले. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६५ साली संपली तेव्हा डाबरे वीस वर्षांचे होते. त्या परिषदेने उपासनेत लोकभाषांना मोकळीक दिली, आणि जी मिस्सा पिढ्यानुपिढ्या लॅटिनमध्ये चाले ती वसईच्या देवळांतून मराठीत होऊ लागली. मराठीस अभिजात म्हणून गौरविणाऱ्या आपणांपैकी कितीजणांस हे ठाऊक आहे?

ठाऊक नसते, म्हणूनच वसईचा कोणी ख्रिस्ती बांधव सभेत बोलून खाली बसला की शेजारचा सद्‌गृहस्थ त्यास हमखास विचारतो, “आपण इतके छान मराठी कसे बोलता?” प्रश्न कौतुकाचा असतो, पण तो आईला तिच्याच मुलाशी ओळख करून देण्यासारखा आहे. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी निवड जाहीर झाली तेव्हा कौतुकाचा मुखवटाही गळून पडला, आणि काही मंडळींनी एका धर्मगुरूस हा मान कसा, असा उघड विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये ते संमेलन झाले. फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. त्या विरोधाबद्दल कोणी दिलगिरी व्यक्त केल्याचे आमच्या वाचनात नाही.

दोष केवळ इतरांचा नव्हे. वृत्तपत्रांस ख्रिस्ती समाजाची आठवण डिसेंबरच्या अखेरीस होते, आणि तीही केक, चांदणी व रोषणाई यांच्या छायाचित्रापुरती. आम्हीही त्यास अपवाद नाही. आणखी एक गोष्ट या नगरीतील पालकांनी मनावर घ्यावी. मुलास कॉन्व्हेंट शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आपण ज्या चर्चच्या फाटकापाशी पहाटेपासून रांग लावतो, त्याच चर्चचा बिशप तुकारामांवर डॉक्टरेट मिळविलेला होता; आणि त्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलास तुकारामांचे चार अभंग धड म्हणता येत नाहीत. यात शाळेचा भाग किती आणि घराचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा कौल घराविरुद्ध आहे.

निवृत्तीच्या रीतीविषयीही एक वाक्य. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे बिशपने वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी आपला राजीनामा पोपकडे पाठवावयाचा असतो. तो केव्हा स्वीकारावयाचा हे पोप ठरवितात. डॉ. डाबरे यांना पंचाहत्तरावे वर्ष २०२० साली पूर्ण झाले व सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांनी जॉन रॉड्रिग्ज यांच्या हाती कारभार सोपविला, जे पुढे २०२५ साली मुंबईचे आर्चबिशप झाले. आपल्या साहित्यसंस्थांच्या, शिक्षणसंस्थांच्या व पक्षांच्या खुर्च्यांवर पाय रोवून बसलेल्या वयोवृद्धांनी हा नियम एकदा वाचून पाहण्यास कोणाचाही प्रत्यवाय नसावा.

पुण्यास व्याख्यानमालांची वाण नाही. त्यांच्या चालकांस आमची एक सूचना आहे. ज्येष्ठात तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामास येते, तेव्हा गाथेवर बोलण्यासाठी डॉ. डाबरे यांस आमंत्रण द्यावे. नाताळचे आमंत्रण त्यांस आजवर पुष्कळांनी दिले असेल.