नळी कोणी झाडायची?



जून लागला की हॅरिस पार्कातली जुनी कॉटेजं कशी गारठतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आम्ही अशाच एका घरात भाड्याने राहतो. आधीच्या कोणीतरी हॉलमध्ये पेलेट स्टोव्ह बसवून घेतला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, जाड शेवेच्या तुकड्यांसारख्या कांड्या त्यात थोड्या थोड्या पडत राहतात आणि जळतात. एक पंखा धूर तीन-चार इंची नळीतून बाहेर ढकलतो. बटण दाबा आणि ऊब घ्या. मी इंजिनियर माणूस, बेहद्द खूश होतो :-)

गेल्या जुलैत आई-बाबा साताऱ्याहून आले होते. तेव्हा स्टोव्हची ज्योत सुस्त आणि लालसर झाली. काच एका दिवसात काळी पडू लागली. मी म्हटलं, पेलेट दमट निघाले, ब्रँड बदलू. बाबा दोन दिवस गप्प बघत होते. मग म्हणाले, "अरे, बंबाची नळी चोंदली की अस्संच व्हायचं. ही कधी झाडलीस?"

तीन हिवाळे झाले, एकदाही नाही! ऑफिसात सर्व्हरचे लॉग रोज बघणारा मी, घरातल्या विस्तवाची नळी कुठून उघडते हेही मला ठाऊक नव्हतं.

एजंटला फोन केला. उत्तर आलं, "घर दिलं तेव्हा स्टोव्ह चालू होता." शेवटी माणूस बोलावला. नळीच्या खालच्या टी-जोडाचं झाकण काढलं तर आत राख गच्च, कोपऱ्यावर वाट निम्मी उरलेली. शिवाय भिंतीतल्या हवेच्या जाळीत आईने थंडी येते म्हणून जुनं पातळ कोंबलेलं! त्या दोन-तीन संध्याकाळी आईचं डोकं दुखत होतं. ते स्टोव्हमुळे की थंडीमुळे, हे आज सांगता येणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, थकवा ही लक्षणं फ्लूसारखीच वाटतात. साधा स्मोक अलार्म तो ओळखत नाही, त्यासाठी वेगळा अलार्म लागतो. आणि पेलेट स्टोव्हच्या नळीत धूर पंख्याच्या दाबाखाली असतो, त्यामुळे नळी तुंबली आणि एखादा जोड सैल असला तर धूर घरातच येतो.

हे फक्त पेलेटचं नाही. 2010 साली व्हिक्टोरियात शेपर्टन भागात भाड्याच्या घरातल्या गॅस हीटरमुळे दोन लहान भाऊ झोपेतच गेले. 2017 मध्ये मेलबर्नच्या ग्रीन्सबरोमध्ये एक बाई अशाच गॅस हीटरच्या धुराने गेली. तिथे एक्झॉस्ट फॅनचाही मुद्दा निघाला. घर घट्ट बंद असेल तर फॅन बाहेरची हवा ओढण्याऐवजी हीटरच्या नळीतला धूरच उलटा आत खेचू शकतो. आता आपली घरं आठवा. फोडणी टाकली की रेंजहूड फुल स्पीडवर आणि खिडक्या थंडीमुळे बंद!

व्हिक्टोरियात 29 मार्च 2021 पासूनच्या भाडेकरारांत घरमालकाने दर दोन वर्षांनी गॅसची तपासणी करून घेणं सक्तीचं आहे. पण तो नियम त्या राज्याचा, तोही गॅसपुरता. आपल्या पेलेटच्या नळीकडे त्यातलं कोणी बघायला येणार नाही.

काही मित्र म्हणतात, "घर मालकाचं, नळी मालकाची, आपण कशाला हात लावायचा? काही तुटलं तर बाँड जाईल." दुसरे म्हणतात, "ब्रश आणायचा, स्वतः साफ करायची, कटकट नको." मला दोन्ही पटत नाही. पहिल्यात जीव आपला जातो, दुसऱ्यात मालक कायमचा सुटतो. माझ्या मते वाटणी सरळ आहे. भांड्यातली राख आणि काच आपण बघायची, तीही स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर. राखेत निखारा तासन्‌तास धुमसत राहतो, म्हणून घरचा व्हॅक्यूम त्यात घालू नये. नळी, जोड आणि पंखा मात्र दर वर्षी थंडीआधी जाणकाराकडून, मालकाच्या खर्चाने. मागणी फोनवर नको, लेखी करा. घर दुरुस्त ठेवणं कायद्याने मालकावर आहे, आणि टाळाटाळ झालीच तर एनकॅटचा दरवाजा आहे. आणि साफ होईपर्यंत स्टोव्ह पेटवू नका. चार रात्री दोन रजया जास्त घ्या.

एक कार्बन मोनॉक्साइड अलार्म मात्र मालकाची वाट न बघता आजच आणा. आणि जाळीत कापड कोंबलेलं नाही ना, हे एकदा बघा. विशेषतः आई-बाबा आलेले असतील तर. त्यांना सवय उघड्या घरांची, त्यांना वाटतं फट म्हणजे चूक.

बाबा आता सातारला परत गेलेत. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न नातवाचा असतो, दुसरा नळीचा.

चूभूद्याघ्या.

आपला,
हॅरिस पार्कचा एक भाडेकरू