पदवीपत्रावर नसलेली देणगी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला एक दाखला आहे. परदेशी निघालेला धनी आपली संपत्ती तीन दासांच्या स्वाधीन करतो. दोघे व्यापार करून ती दुप्पट करतात. तिसरा भीतीपोटी आपला वाटा जमिनीत पुरून ठेवतो. धनी परतल्यावर तो ठेव जशीच्या तशी हाती देतो. एका पैचीही अफरातफर नाही, तरी दोषी ठरतो तोच. बालपणी हा निवाडा मला फार कठोर वाटे. इतकी वर्षे दवाखाना चालविल्यावर तो न्याय्य वाटू लागला आहे.

आपल्याला लाभलेले गुण ही मालमत्ता नसून इतरांसाठी सोपविलेली ठेव आहे आणि माणूस तिचा केवळ कारभारी आहे, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. आपण वैद्यकीय मंडळी मात्र देणगी म्हणजे पदवी आणि सेवा म्हणजे वर्षातून एकदा भरणारे मोफत तपासणी शिबिर, असे समीकरण मांडून मोकळे होतो. शिबिरे हवीतच, परंतु उरलेल्या दिवसांचे काय?

या संदर्भात डॉ. पॉल ब्रँड यांचे स्मरण होते. 1914 मध्ये तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी इंग्लंडमध्ये त्यांनी सुतारकाम व बांधकाम शिकून घेतले होते. 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोगाने आखडलेल्या हातांवर कंडरा-स्थलांतराच्या शस्त्रक्रिया करू लागले. बोटे सरळ झाली, तरी पोटाचा प्रश्न उरलाच. तेव्हा रुग्णांना सुतारकाम शिकविण्यात आले. हत्यारे हाताळणाऱ्या त्या हातांचे निरीक्षण करताना, बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, तर वेदना न कळल्यामुळे झालेल्या जखमांनी नष्ट होतात, ही त्यांची धारणा अधिक दृढ झाली. सुतारकाम त्यांच्या वैद्यकीय पदवीपत्रावर कोठेही नव्हते. पण त्यांनी ते पुरून ठेवले नाही.

आपणा बेळगावकरांजवळही पदवीपत्रावर नसलेली एक देणगी आहे. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू यांतील दोन-तीन भाषा आपल्यापैकी बहुतेकांना येतात. सीमाभागात भाषेचे स्मरण आपल्याला वादाच्या वेळी होते. रुग्णासमोर बसल्यावर होतेच असे नाही.

हा आरोप प्रथम माझ्यावरच आहे. खानापूर भागातील एका आजींना मी मधुमेहाची गोळी लिहून दिली आणि ‘जेवणापूर्वी’ ही सूचना घाईत इंग्रजीत खरडली. घरी कोणीतरी तिचा अर्थ ‘उपाशीपोटी’ असा लावला. आजींनी पहाटे गोळी घेतली आणि तशाच शेतावर गेल्या. दुपारी त्यांना माझ्याकडे आणले तेव्हा त्या घामाने भिजलेल्या व अर्धवट शुद्धीत होत्या. वेळेवर ग्लुकोज मिळाले म्हणून त्या बचावल्या. त्यांची बोली ही माझ्या आईची बोली. ‘गोळी घेऊन लगेच न्याहारी करा, उपाशी राहू नका’, एवढे सांगायला अर्धा मिनिटही लागले नसते. औषध अचूक होते. ठेव मात्र मी पुरून ठेवली होती.

म्हणून संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. सभासदांच्या यादीत आपण नावापुढे पदवी व विशेषज्ञता छापतो. त्याच ओळीत, त्या डॉक्टरांना रुग्णाशी कोणकोणत्या भाषांत बोलता येते, हेही छापावे. आणि प्रत्येकाने औषधाची वेळ रुग्णाला अथवा त्याच्या घरातील कोणाला वाचता येईल अशा लिपीत, सुवाच्य अक्षरात लिहावी. यासाठी ना मंडप लागतो, ना प्रमुख पाहुणे. ज्यांची श्रद्धा माझ्याहून वेगळी आहे, त्यांनाही हे मान्य व्हावे. कारण चिठ्ठी हातात धरून दाराबाहेर गोंधळून उभे असलेले आजी-आजोबा आपणा सर्वांच्याच दवाखान्यात येतात.